बसताना तोल जातो, रोबोटिक थेरपी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचाली व तोल यांवर नीट ताबा न राहणे) आहे. जेवायला बसवले की तो डावीकडे कलतो आणि घासासाठी हात उचलताच पुढे कोसळतो. रोबोटिक थेरपीचा त्याला उपयोग होईल का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : हात उचलण्याच्या क्षणभर आधी धडाचे स्नायू सावध व्हावे लागतात, आपल्या मुलाची अडचण नेमकी तिथे दिसते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात सुनील अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेने यासाठी एक यंत्र तयार केले आहे. त्यात मुलाच्या धडाला पट्टा बांधून तो मोटरवर चालणाऱ्या तारांना जोडतात, आणि मूल स्वतःला सावरू शकते त्या मर्यादेपलीकडे झुकले तरच तारा त्याला आधार देतात. मर्यादेच्या आत सारी मेहनत मुलाचीच असते, आणि मला यातले हेच मोलाचे वाटते. मात्र या यंत्राचे अभ्यास अजून मोजक्या मुलांवरच झाले आहेत. त्यामुळे यंत्राच्या नावावर मोठी रक्कम आगाऊ भरू नये. चालण्याच्या सरावाचे रोबोटिक यंत्र वेगळे असते, त्यामुळे थेरपी केंद्रात यंत्र नेमके कोणते आहे हेही विचारून घ्यावे.

त्याआधी घरची खुर्ची पाहावी. पाय लोंबकळत असतील तर कोणतेही मूल कलते. तळवे पाटावर टेकलेले आणि ताट कोपराच्या उंचीवर असावे. एकाच बाजूला कलण्यामागे खुब्याचा सांधा सरकणे किंवा पाठीच्या कण्याचा बाक असू शकतो. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. खर्चासाठी केंद्र सरकारच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेचीही चौकशी करावी.