कोल्हापुरात प्लॉटमधली झाडं परवान्याआधीच काढून टाकली तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचगाव रोडला साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. मधोमध मोठा आंबा, मागच्या कोपऱ्यात उंबर, कडेला दोन नारळ. इंजिनिअर म्हणतो, "आधी झाडं काढून टाका, मग नकाशा टाकू, म्हणजे कटकट नाही." असं करता येतं का, आणि बदल्यात किती झाडं लावावी लागतील?

करू नका. कायद्यात ते बसत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी करू नका. मी बावीस वर्षं कोल्हापुरात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काम करतोय. घरांचे नकाशे काढणं हाच माझा धंदा. त्यामुळं "आधी काढून टाका" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की हातातलं काम थांबतं.

आधी एक गोष्ट तपासा. पाचगाव रोड शहरातून निघतो आणि पुढं ग्रामपंचायतीच्या हद्दीत शिरतो. कोल्हापूरची हद्दवाढ किती वर्षं रेंगाळली हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तुमचा बांधकाम परवाना महापालिका देणार आहे की शहराबाहेरच्या गावांसाठीचं विकास प्राधिकरण, हे पहिल्यांदा बघा. २०१७ साली शहराभोवतालची ४२ गावं घेऊन प्राधिकरण झालं, पाचगाव त्याच पट्ट्यात येतं. प्लॉट या बाजूला की त्या बाजूला, यावर झाडांचा कायदा बदलतो.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागतो. झाड स्वतःच्या मालकीच्या प्लॉटमध्ये असलं, स्वतः लावलेलं असलं, तरी वृक्ष प्राधिकरणाची (महापालिकेत झाडांचे निर्णय घेणारी समिती, वरचं विकास प्राधिकरण नव्हे) परवानगी लागतेच. "माझं झाड, माझी जागा" हा युक्तिवाद तिथं चालत नाही. आणि या कायद्यात झाड तोडण्याची व्याख्या कुऱ्हाडीपुरती नाही. जाळणं, कापणं, किंवा कुठल्याही रीतीनं झाडाला इजा करणं, सगळं तोडण्यातच धरलंय. बुंध्याभोवती साल सोलणं, मुळात मीठ नाहीतर आणखी काही ओतणं, असले उपाय सुचवणारी माणसं भेटतात. तेही तोडणंच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागं १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्याकडं चार झाडं आहेत.

परवानगीची रीत साधी आहे, फक्त वेळ खाते. अर्ज करायचा, सोबत झाडं दाखवलेला साइट प्लॅन जोडायचा. वृक्ष अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात. वर्तमानपत्रात आणि झाडावरसुद्धा नोटीस लागते, आणि तिच्यात दिलेल्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतं. निर्णयासाठी कायद्यानं ६० दिवस धरलेत. आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट: परवानगी हातात आल्यावरही १५ दिवस झाड तोडायचं नसतं. म्हणजे जोत्याचा मुहूर्त ठरवून मग अर्ज केलात तर तुमचं गणित चुकणार. मोठी फांदी छाटायची असली तरी आधी विचारून घ्या.

ग्रामपंचायतीच्या बाजूला असाल तर १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा बघायचा. त्यात ठरावीक जातींची यादी आहे: साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ वगैरे. तुमचा आंबा त्या यादीत आहे, उंबर आणि नारळ नाहीत. आंब्यासाठी परवानगी वनविभागाच्या बाजूनं घ्यायची. पण उंबर यादीत नाही म्हणून लगेच करवत आणू नका. बांधकाम परवान्याबरोबर ज्या अटी येतात त्यात झाडांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. त्या पानावर सही तुमची असते, इंजिनिअरची नव्हे.

आता बदल्यात किती झाडं. शहरी कायद्यात २०२१ पासून हिशोब झाडाच्या वयावर आलाय. तुमचा आंबा ४० वर्षांचा ठरला तर ४० झाडं. वय वृक्ष अधिकारी ठरवतात, आपण अंगठ्यानं मोजून सांगितलेलं चालत नाही. रोपंही नर्सरीतल्या पिशवीतली वीतभर नकोत, ६ ते ८ फूट उंचीची हवीत. त्यांचं जिओटॅगिंग होतं, म्हणजे प्रत्येक झाडाची नेमकी जागा नकाशावर नोंदवतात, आणि ७ वर्षं ती जगल्याचं दाखवावं लागतं. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं भरलं तर ते प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं, आणि मग त्याच्या संरक्षणाचे नियम आणखी कडक होतात. म्हणून आंबा कुणी आणि कधी लावला हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून घ्या. सातबाऱ्यावर झाडांची नोंद असते का तेही बघा.

साडेतीन गुंठे म्हणजे साधारण ३५४ चौरस मीटर. त्यात घर, गाडी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक एवढं बसवल्यावर ४० झाडं कुठं लावणार? दुसरीकडं जागा शोधावी लागेल, सात वर्षं पाणी घालायला माणूस लागेल. आणि तेवढं करूनही ७ वर्षांची ४० झाडं मिळून ४० वर्षांच्या एका आंब्याची सावली देत नाहीत. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता अशा आंब्याखाली उभं राहा आणि मग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन उभं राहा.

झाड जगवायचा खरा प्रश्न परवान्याच्या आधीचा आहे. आमच्या धंद्यात आधी घर काढतात आणि मग त्यात झाड 'येतं' का बघतात. तसं केलं की झाड नेहमीच आड येतं. झाड आधी नकाशावर आलं पाहिजे, घर त्याच्यानंतर.

ही गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. दहा-बारा वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिण टोकाला एक घर होतं. आवारात चिंच. घरमालकाची आई मला म्हणाली, "ह्यो चिंचंचा बुंधा माझ्या सासऱ्यानं लावल्याला हाय. त्येला हात न लावता घर बसतंय का बघा." बसवलं. चिंच राखली म्हणून मला फार बरं वाटलं होतं. नकाशावर मी बुंध्याएवढं एक छोटं वर्तुळ काढलं होतं आणि घर त्यापासून दीड मीटरवर आणलं होतं. पायासाठी एका बाजूची मुळं तुटली. उरलेल्या बाजूला ठेकेदारानं दोन फूट मुरूम टाकला, त्यावरून डंपर फिरले, मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी तिथंच सोडलं. शेवटी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडनं वाळायला लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात संपली. आज्जींनी मला एक शब्द विचारला नाही. पण ती चिंच माझ्या वर्तुळानं मेली हे मला माहीत आहे.

झाड बुंध्यात नसतं, जमिनीत पसरलेलं असतं. अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. वर भराव टाकला की त्यांना हवा मिळत नाही, जड गाडी फिरली की माती दगडासारखी घट्ट होते. म्हणून ढोबळ हिशोब असा धरा: छातीच्या उंचीला खोडाचा घेर टेपनं मोजा, ३.१४ नं भागा, व्यास आला. त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ झाडाभोवती सोडा. समजा तुमच्या आंब्याचा घेर १३० सेंटीमीटर भरला. व्यास झाला ४१, त्रिज्या जवळजवळ ५ मीटर. तेवढ्या वर्तुळाचं क्षेत्र सुमारे ७९ चौरस मीटर, म्हणजे तुमच्या प्लॉटचा चौथा हिस्सासुद्धा नाही. नियमाप्रमाणं सोडायची मोकळी जागा, अंगण, यातलं बरंचसं त्याच वर्तुळात घालता येतं. एका बाजूनं घर थोडं आत आणावंच लागलं तर त्या बाजूला सलग दगडी पाया नको. मोजके कॉलम हातानं खणून घ्या, वर बीम टाका, मुळं खालून जाऊ देत. चारी बाजूंनी मात्र आत येऊ नका.

काम सुरू होण्याआधी त्या वर्तुळाच्या कडेनं पत्रे ठोका. चुना मारून किंवा सांगून भागत नाही. जेसीबीवाला सकाळी येतो तेव्हा तुम्ही तिथं नसता, आणि त्याला रिकामी जागा दिसली की तो वाळू तिथंच ओततो. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला: कुंपणाच्या आत माल, भराव, गाडी आणि सिमेंटचं पाणी येणार नाही, आलं तर बिलातून कापणार. सेप्टिक टँक, बोअर, ड्रेनेजची चर हे सगळं झाडाच्या उलट बाजूला न्या. ही चर हमखास विसरली जाते. घर नीट बसवतात आणि शेवटच्या आठवड्यात प्लंबर मुळांतून आरपार चर मारतो.

उंबर कोपऱ्यात आहे, तर शक्यतो तिथंच राहू द्या. कंपाउंड भिंतीला त्या कोपऱ्यात खाच द्या किंवा तेवढ्यापुरती तारेची जाळी लावा. अगदीच अडला तर वड, पिंपळ, उंबर ही मंडळी पुनर्रोपण बऱ्यापैकी सोसतात. मोठा आंबा सोसत नाही, त्यामुळं "आंबा उचलून दुसरीकडं लावू" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. नारळांना जागा कमी लागते, ते बाजूच्या मोकळ्या जागेत सहज राहतील.

"एका झाडासाठी एवढं कुणी करतं का" असं तुमचा इंजिनिअर म्हणेल. २०२० मध्ये आपल्या शेजारी, मिरज तालुक्यातल्या भोसे गावात, सुमारे ४०० वर्षांचा वड वाचवायला राष्ट्रीय महामार्गाचा आराखडा बदलला गेला. लोक वडाखाली जमले, मागणी दिल्लीपर्यंत गेली. त्याच महामार्गाच्या रुंदीकरणात आपल्या बाजूचे रस्त्याकडेचे कितीतरी जुने वृक्ष गेले, तेही आपण पाहिलंय. महामार्ग वळू शकतो तर तुमचं स्वयंपाकघर दोन मीटर सरकायला काही हरकत नाही.

आणि समजा सगळं करूनही एखादं झाड काढावंच लागलं, तर बदल्यात लावताना गुलमोहर, रेन ट्री लावू नका. लवकर वाढतात म्हणून लोक लावतात आणि वळवाच्या पावसात तेच गाड्यांवर पडतात. करंज, ताम्हण, बहावा, बकुळ, जांभूळ, कडुनिंब यातलं निवडा. मोठी झालेली झाडं कशी दिसतात ते बघायचं असेल तर एखाद्या सकाळी टाऊन हॉलच्या बागेत चक्कर मारा. लावायची वेळ जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, एकदा मृग बरसून माती भिजली की.

आता तुमच्यासाठी काम. आंब्याचा आणि उंबराचा घेर मोजा. प्लॉटची लांबी-रुंदी, रस्ता कुठल्या बाजूला, उत्तर कुठं, आणि आंबा दोन हद्दींपासून किती मीटरवर आहे ते इथंच खाली लिहा. "मधोमध" म्हणून चालणार नाही, टेप लावा. आकडे आले की घर कुठं बसतं याचा कच्चा आराखडा मी काढून देतो. तोवर इंजिनिअरला सांगा, नकाशा थांबव.