इंग्रजी 'वीक', जर्मन 'वोखे', स्वीडिश 'वेका' या शब्दांचं मूळ काय? त्यांचा सात आकड्याशी संबंध आहे का?

नाही. सप्ताह, ग्रीक 'हेब्दोमास', लॅटिन 'सेप्तिमाना' या सगळ्यांत सात दडलेला आहे, आपल्या आठवड्यात आठ. जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश ज्या भाषाकुळातल्या, त्या कुळातल्या) शब्दात मात्र आकडाच नाही. त्याचा जुना अर्थ 'पाळी'.

सर्वांत भक्कम पुरावा गॉथिक या लोप पावलेल्या जर्मानिक भाषेतला. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या भाषांतरात (लूक १:८) जखऱ्या याजक आपल्या वर्गाच्या पाळीप्रमाणे सेवा करतो. तिथे मूळ ग्रीक शब्द 'ताक्सिस' म्हणजे क्रम, आणि गॉथिकमध्ये 'विको'. याजकांची पाळी आठवडाभराची असे, म्हणून इथेही 'आठवडा' असाच अर्थ घ्यावा, असं कुणी म्हणेल. पण 'आठवड्यातून दोनदा उपास करतो' (लूक १८:१२) इथे तोच अनुवाद 'सब्बातुस' हा उसना शब्द वापरतो, 'विको' नाही. म्हणजे 'विको'चा अर्थ पाळीच.

दुसरा धागा समुद्रावरचा. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) 'विका' म्हणजे आठवडा आणि सागरी अंतराचं मापही. वल्हवणाऱ्यांची पाळी बदलेपर्यंत कापलेलं अंतर, असा त्याचा उलगडा सहसा करतात. वाकणं, बाजूला होणं या अर्थाचा धातू याच्या मुळाशी मानतात. जर्मन 'वाइखेन' (मागे हटणे, जागा सोडणे) त्याच कुळातलं.

लॅटिन 'विकिस' (पाळी, अदलाबदल) अर्थाने इतकं जवळ आहे की तोच मूळ शब्द वाटतो. घसरायला होतं ते इथेच. लॅटिन 'क'च्या जागी अस्सल जर्मानिक शब्दात 'ह' सापडतो: लॅटिन 'कोर्नू' (शिंग), इंग्रजी 'हॉर्न'. 'विको'तला 'क' जुन्या 'ग'पासून आलेला, म्हणून ही दोन्ही सख्खी भावंडं ठरत नाहीत. नियमाला बगल देण्यासाठी शब्द लॅटिनमधून उसना घेतला असं म्हणता येतं, पण घरचा धातू असताना त्याची गरज वाटत नाही.

सात दिवसांचं चक्र मात्र रोमनांकडून आलं आणि जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटला. त्याआधी जर्मानिक टोळ्या दिवस नव्हे, रात्री मोजत, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८च्या सुमारास लिहिलंय. इंग्रजी 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्रीच.

नॉर्वेजियन 'ऊके' वेगळा वाटतो, पण शब्द तोच. प्रत्ययातल्या 'उ'मुळे 'विकु'चं 'वुकु' झालं, आणि नॉर्समध्ये 'उ', 'ओ'आधीचा 'व' गळतो. वोडन या देवाचा ओडिन झाला तो असाच.