स्वतः बनवलेल्या विंडोज इमेजमध्ये दर महिन्याचे अपडेट मिसळता येतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : विंडोज ११ चे काही घटक काढून, स्वतःचे ड्रायव्हर आणि सेटिंग घालून तुम्ही एक आयएसओ (विंडोज बसवण्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत असलेली फाइल) बनवली आहे, आणि आता तिच्यातच दर महिन्याचे अपडेट घालत राहता येतील का व कोणत्या क्रमाने, हे तुम्हाला हवे आहे. घालता येतात, पण घालू नका. मूळ आयएसओ घ्या, तिच्यावर ताजे अपडेट चढवा, मग तुमचे बदल करा आणि पुढच्या खेपेला पुन्हा मूळ आयएसओपासूनच सुरुवात करा. जी पायरी तुम्ही हाताने करता ती स्क्रिप्टमध्ये लिहा आणि ती स्क्रिप्ट जपा. तयार झालेली इमेज टाकून देता आली पाहिजे.

खरे तर एवढे सांगून थांबता आले असते, पण प्रश्नात तुम्ही ‘एकदा नीट बनवलेली इमेज वर्षानुवर्षे चालते’ असे लिहिले आहे, आणि नेमक्या याच वाक्यावर मी एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात माझ्या वरिष्ठांशी बराच काळ भांडले आहे.

आमचे सर विंडोज एक्सपीच्या काळात तयार झालेले होते आणि त्या काळापुरती त्यांची पद्धत बिनतोड होती. एक्सपीची सीडी म्हणजे मुख्यतः आय३८६ या फोल्डरमधल्या दाबून ठेवलेल्या फाइली आणि कोणती फाइल कोठे जायची याच्या याद्या. सर्व्हिस पॅक (अपडेटचा मोठा संच) मिसळणे म्हणजे जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवणे आणि याद्या दुरुस्त करणे. एनलाइटसारख्या साधनाने नको असलेले भाग काढून टाकले, तरी पुढच्या अपडेटला त्याचे फारसे सोयरसुतक नसे. शिवाय ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा इंटरनेटवरून आपोआप पसरणारा विषाणू सुटला तेव्हा नव्याने एक्सपी घातलेला संगणक अपडेट उतरवून घेण्यासाठी इंटरनेटला जोडला, की अपडेट पूर्ण होण्याआधीच त्याला लागण होत असे. त्यामुळे अपडेट आधीच मिसळलेली सीडी बाळगणे ही हौस नव्हती, गरज होती. (त्या काळी जागा वाचवण्यासाठी अनेक जण सीडीवरील ‘लँग’ हा फोल्डर उडवत असत. देवनागरीसाठी लागणाऱ्या फाइली त्यातच असत, आणि कार्यालयात कोणी मराठी पत्र टंकायला बसेपर्यंत ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नसे.)

व्हिस्टापासून हे सगळे बदलले. तेव्हापासून डीव्हीडीवर सुट्या फाइली नसतात, तर जवळजवळ पूर्ण बसवलेली प्रणालीच एका विम फाइलमध्ये बंद असते आणि तिच्यातला प्रत्येक घटक कोणत्या आवृत्तीचा आहे व कशावर अवलंबून आहे, याची नोंद विनएसएक्सएस या भांडारात असते. अपडेट घालताना ही नोंद तपासली जाते. नोंद आहे पण घटक नाही, किंवा घटक आहे पण नोंद फाटलेली आहे, असे आढळले तर त्या एका घटकासाठी संपूर्ण अपडेट मागे घेतला जातो. म्हणजे एक्सपीमध्ये ज्याला सफाई म्हणत, तीच व्हिस्टानंतर मोडतोड ठरते. सरांना हा फरक कधीच पटला नाही, कारण त्यांची इमेज चालू होत होती. ‘चालतंय ना? मग हात कशाला लावता?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

आमच्या प्रयोगशाळेतील विंडोज ७ ची इमेज त्यांनी अशीच हलकी केलेली होती. विभागात तिला ‘मास्टर’ म्हणत आणि तिची एक प्रत सरांच्या कपाटात कुलपात असे. सुट्टी लागली की ती माउंट करायची (म्हणजे बदल करण्यासाठी फोल्डरसारखी उघडायची), साठलेले अपडेट एकामागून एक घालायचे, जो त्रुटी दाखवेल तो वगळायचा, इमेज सेव्ह करायची आणि पुढच्या सुट्टीत त्याच इमेजवर पुन्हा हाच प्रयोग करायचा. यातील ‘वगळायचा’ हा भाग मला पहिल्यापासून खटकत होता, कारण काय वगळले आहे याची यादी कोठेही नव्हती. मी ती मागितली तेव्हा ‘किरकोळ आहेत’ असे उत्तर मिळाले.

वगळण्याची ही सोय ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. त्या महिन्यापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी सुटे अपडेट देणे थांबवून महिन्याचा एकत्रित रोलअप सुरू केला. केवळ सुरक्षेपुरता वेगळा गठ्ठा मिळत असे, पण तोही अखंडच घ्यावा लागे. आमच्या मास्टरमध्ये जे घटक नव्हते, त्यांना स्पर्श करणारा एखादा तरी बदल त्या गठ्ठ्यात असेच. परिणामी इमेजमध्ये रोलअप जाईना, आणि बसवलेल्या संगणकांवर थेट घालून पाहिला तर रीस्टार्टच्या वेळी तो निम्म्यावर थांबून बदल मागे घेऊ लागला. सरांनी यावर उपाय म्हणून अपडेटची सेवाच बंद केली. आता त्रुटीही दिसत नव्हती आणि अपडेटही येत नव्हते.

मार्च २०१७ मध्ये एसएमबीमधील (संगणकांनी आपसांत फाइली वाटून घेण्याच्या यंत्रणेतील) भगदाड बुजवणारा एमएस१७-०१० हा अपडेट आला, आणि १२ मे २०१७ रोजी त्याच भगदाडातून फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला. ज्यांनी मार्चचा अपडेट घेतला होता त्यांना त्या वाटेने धोका नव्हता. आमच्या संगणकांपैकी एकावरही तो नव्हता, आणि घालायचा म्हटला तरी जात नव्हता. प्रयोगशाळेला लागण झाली नाही, कारण बाहेरून येणारी ४४५ क्रमांकाची वाट, म्हणजे एसएमबीचे पोर्ट, योगायोगाने आधीच बंद होती. सरांच्या मते मात्र यावरून त्यांची पद्धत योग्यच असल्याचे सिद्ध होत होते.

मग मी कपाटातल्या मास्टरला हात न लावता सर्व्हिस पॅक १ असलेली मूळ डीव्हीडी घेतली. प्रोफेशनलचा एकच इंडेक्स (एका विममध्ये अनेक आवृत्त्या असतात, त्यांतली एक) वेगळा काढला, त्यावर आधी एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट घालणाऱ्या यंत्रणेचाच अपडेट (केबी ३०२०३६९), मग मे २०१६ चा मोठा एकत्रित रोलअप (केबी ३१२५५७४), त्यात नसलेला इंटरनेट एक्सप्लोरर ११, आणि शेवटी मे २०१७ चा मासिक रोलअप घातला. विभागात नव्याने आलेल्या संगणकांना फक्त यूएसबी ३.० ची पोर्ट होती आणि विंडोज ७ ला ती ओळखता येत नाहीत. सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड दोन्ही मृत. म्हणून ते ड्रायव्हर मुख्य इमेजमध्ये आणि सेटअप जिच्यातून चालतो त्या बूट.विमच्या दुसऱ्या इंडेक्समध्ये, असे दोन्हीकडे घालावे लागले. सारे काम एका बॅच फाइलमध्ये लिहिले आणि प्रत्येक ओळीवर ती का आहे याची टीप दिली. नवी इमेज सरांच्या मास्टरपेक्षा आकाराने मोठी होती, यावर सभेत चर्चा झाली. ती पुढच्या महिन्याचा अपडेट निमूट स्वीकारते, यावर झाली नाही.

‘आपल्यावर कोण हल्ला करणार’ हा युक्तिवाद मात्र त्यानंतर फार टिकला नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विषाणू सुटला आणि युक्रेनमधून पसरत गेलेल्या त्या हल्ल्याने आपल्याकडे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याने एसएमबीमधील त्याच भगदाडाचा उपयोग केला होता. तो संगणकातून चोरलेल्या पासवर्डवरही पसरत होता, त्यामुळे केवळ अपडेटने तो अडला असता असे मी म्हणणार नाही; पण दार उघडे ठेवण्याला त्यामुळे समर्थन मिळत नाही.

आता तुमच्या क्रमाबद्दल. आदेश तुम्हाला ठाऊक आहेत असे गृहीत धरते. मुख्य इमेज इन्स्टॉल.ईएसडी या अधिक दाबलेल्या रूपात असेल तर आधी ती विममध्ये एक्स्पोर्ट करा आणि जी आवृत्ती वापरणार आहात तेवढाच इंडेक्स ठेवा, नाहीतर प्रत्येक इंडेक्ससाठी तेच काम पुन्हा करावे लागते. मुख्य इमेजमध्ये भाषा आणि मागणीनुसार जोडायचे घटक आधी, महिन्याचा एकत्रित अपडेट त्यानंतर. भाषा पॅक नंतर घातला तर त्याच्या फाइली जुन्या पातळीवर राहतात आणि तोच अपडेट पुन्हा घालावा लागतो. मग रीसेट-बेससह सफाई (बदलल्या गेलेल्या घटकांच्या जुन्या प्रती कायमच्या काढणे), आणि डॉटनेट ३.५ (काही जुन्या प्रोग्रॅमना लागणारा घटक) व डॉटनेटचा अपडेट सफाईनंतर. कारण डॉटनेट ३.५ आधी सुरू केले तर काही कामे पहिल्या बूटसाठी बाकी राहतात आणि बाकी कामे असलेल्या इमेजची सफाई डिस्म (इमेज हाताळण्याचे विंडोजचे साधन) नाकारते. अनेक जण इथे अडकतात आणि इमेज बिघडली असे समजतात. बूट.विमलाही अपडेट द्या, आणि त्यातल्या नव्या सेटअपच्या फाइली आयएसओच्या सोर्सेस फोल्डरमध्ये आणून ठेवा. दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या राहिल्या तर सेटअप मध्येच मान टाकतो. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या मर्यादेमुळे विम तोडून एसडब्ल्यूएम करावी लागेल. ड्रायव्हर आणि तुमची सेटिंग यांचा क्रम तितका नाजूक नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ पासून आणखी एक गोष्ट आली आहे. महिन्याचे अपडेट आता मधल्या ‘चेकपॉइंट’ अपडेटवर उभे असतात, म्हणून लागणारे सर्व एमएसयू (अपडेटच्या फाइली) एकाच फोल्डरमध्ये ठेवून डिस्मला सर्वांत नवीन फाइल दाखवायची. मागचे टप्पे तो स्वतः शोधून घालतो. त्या फोल्डरमध्ये इतर काही ठेवू नका.

अपडेट मिसळणे हे निर्धोक काम आहे अशी समजूत असेल तर २४एच२ चेच दुसरे उदाहरण पाहा. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चा सुरक्षा अपडेट मिसळलेल्या मीडियावरून बसवलेले काही संगणक त्यानंतरचे सुरक्षा अपडेट घेईनासे झाले, आणि मायक्रोसॉफ्टनेच ते मान्य करून डिसेंबर २०२४ चा अपडेट असलेला मीडिया वापरण्यास सांगितले. कोणताही घटक न काढलेल्या इमेजची ही गत होती. अशा वेळी ज्याच्याकडे स्क्रिप्ट आहे तो एका फाइलचे नाव बदलून रात्रभरात नवी इमेज तयार करतो; ज्याच्याकडे वर्षानुवर्षे शिवत आणलेली गोधडी आहे, त्याने कोणता टाका उसवायचा?

घटक काढण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सोबत येणारी अ‍ॅप्स प्रोव्हिजन केलेल्या (प्रत्येक नव्या खात्याला आपोआप मिळणाऱ्या) पॅकेजांच्या यादीतून अधिकृत आदेशाने काढा, त्याने काही बिघडत नाही, फार तर नवी आवृत्ती आल्यावर त्यांतली काही परत येतील. ज्या घटकांसाठी डिस्ममध्ये काढण्याची सोयच नाही, ते बाहेरच्या साधनाने उपटू नका. त्याने जेमतेम काही जीबी वाचतात आणि त्यासाठी पुढचे सगळे अपडेट पणाला लागतात. टेलिग्रामवर मिळणाऱ्या ‘लाइट’ आयएसओंबद्दल तर बोलायलाच नको. त्यात काय काढले आहे हे सांगितलेले असते, काय घातले आहे हे नसते.

काही गोष्टी सरांच्या बाजूनेही सांगायला हव्यात. आमची लाइन इतकी संथ होती की दर महिन्याचा अपडेट प्रत्येक संगणकाने स्वतंत्रपणे उतरवणे शक्यच नव्हते, आणि इमेजमध्येच अपडेट असावा हा त्यांचा आग्रह त्या दृष्टीने योग्य होता. वाद तो कोणत्या इमेजमध्ये घालावा, एवढ्यापुरताच होता. तुमच्याकडे चार-पाचच संगणक असतील आणि लाइन बरी असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका. मायक्रोसॉफ्टची ताजी आयएसओ घ्या आणि बाकीचे विंडोज अपडेटवर सोडा. संस्थेच्या संगणकांवर एकच इमेज टाकणार असाल, तर संगणकांसोबत आलेल्या ओईएम (उत्पादकामार्फत मिळालेल्या) परवान्यात तो हक्क नसतो, त्यासाठी व्हॉल्यूम परवाना लागतो, हेही आधी पाहून घ्या.

इमेज तयार झाली की ती बूट होते एवढे पाहून थांबू नका. आभासी यंत्रावर मुद्दाम एक महिना जुन्या अपडेटची इमेज बसवा आणि चालू महिन्याचा अपडेट नेहमीच्या मार्गाने जातो का ते पाहा. तुम्ही काय काय काढले आहे ते प्रश्नात दिलेले नाही, त्यामुळे तुमची सध्याची इमेज यात टिकेल का, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या यादीत विनआरई (बिघाड झाल्यावर दुरुस्तीसाठी चालू होणारी छोटी विंडोज) असेल, आणि जागा वाचवण्यासाठी बरेच जण मुख्य इमेजमधली ती फाइल उडवतात, तर मूळ आयएसओतून ती परत आणा आणि तिला तिचा वेगळा सेफ ओएस अपडेटही द्या. बसवताना रिकव्हरी पार्टिशन मोठे ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर केबी ५०३४४४१ हा अपडेट अनेक ठिकाणी अडकला, तो त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसल्यामुळेच.