‘शाब्बास’ ऐकूनही मूल कोरी उत्तरपत्रिका देतं तेव्हा

शिक्षकांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही मुलांना रोज सांगतो, प्रयत्न केले की जमतं, चुकलं तरी हरकत नाही. प्रशिक्षणात सांगितलेलं ग्रोथ माइंडसेटचं सगळं करून पाहिलं. तरी काही मुलं 'मला येतच नाही' म्हणून हातावर हात ठेवून बसतात. अजून काय करायचं?"

मानसशास्त्रज्ञ कॅरॉल ड्वेक यांनी हा विचार जगभर पोहोचवला. बुद्धी आणि क्षमता जन्मतःच ठरून आलेल्या नसतात. योग्य पद्धतीने शिकत गेलं, हवी तिथे मदत घेतली, तर त्या वाढतात, असा विश्वास म्हणजे ग्रोथ माइंडसेट. विचार तसा जुना आहे. बुद्धिमापन चाचणीची सुरुवात करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनीच 1909 मध्ये, बुद्धी ही कधीच न वाढणारी गोष्ट आहे या समजुतीला कडाडून विरोध केला होता. तेव्हा विचार पटवून द्यायला फार वेळ लागत नाही. तो वर्गात दिसत का नाही, हे शोधायला लागतो.

एका शिक्षिकेचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या सहावीला गणित शिकवत. मनाने अतिशय मायाळू. वर्गाच्या भिंतीवर 'चुका म्हणजे शिकण्याची पायरी' असे तक्ते, वह्यांवर हसरे चेहरे, प्रत्येक उत्तराला 'शाब्बास'. त्यांच्या वर्गातला एक मुलगा चाचणीत पहिली दोन उदाहरणं सोडवून बाकी पान कोरं ठेवायचा. विचारलं की एकच उत्तर: "माझं डोकं गणिताचं नाही."

"मी त्याला कधी ओरडलेसुद्धा नाही हो," त्या कळवळून म्हणाल्या. "उलट इतरांपेक्षा जास्त सांभाळते."

मी त्यांना म्हटलं, सांभाळता म्हणजे नेमकं काय करता ते सांगा. कालचाच तास सांगा. त्याला प्रश्न विचारलात, त्याला आलं नाही, पुढे काय झालं?

त्यांनी आठवून सांगितलं. तो गप्प राहिला की चारचौघांत त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या लगेच दुसऱ्याला विचारतात. त्याच्यासाठी वेगळी, सोपी उदाहरणं काढतात. फळ्याजवळ बोलावत नाहीत. आणि कधी तो खट्टू झालाच तर जवळ घेऊन म्हणतात, "असू दे रे, प्रत्येकाला गणित आलंच पाहिजे असं थोडंच आहे? तुझी चित्रं किती सुंदर असतात!"

नंतर मी त्या मुलाशी बोलले. गणिताचा तास कसा वाटतो, असं विचारलं.

"चांगला असतो. बाई ओरडत नाहीत."

"प्रश्न विचारतात तुला?"

"सोपे विचारतात, ताई. पाढे वगैरे. त्यांना माहितीये ना मला येत नाही ते."

"बाईंना असं वाटतं हे तुला कसं कळलं?"

"मला विचारलं ना, की त्या आधीच पुढच्याकडे बघायला लागतात."

भिंतीवरचे तक्ते तो रोज वाचत होता. पण बाईंची नजर त्याला जास्त खरी वाटत होती, आणि त्याचं अनुमान चुकीचंही नव्हतं. मुलं शिक्षकाचं बोलणं ऐकतात आणि वागणं वाचतात. दोन्हींत फरक पडला की वागण्यावर विश्वास ठेवतात.

अनीता रत्तन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांनी 2012 मध्ये नेमक्या याच मायेचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताची क्षमता जन्मजात असते असं मानणारे लोक एखाद्याच चाचणीतल्या कमी गुणांवरून विद्यार्थ्याबद्दल मत बनवतात. मग 'सगळ्यांनाच गणित जमत नाही' असं म्हणून धीर देण्याकडे आणि अभ्यास हलका करण्याकडे त्यांचा कल दिसला. असा धीर मिळालेल्या विद्यार्थ्यांना मात्र, शिक्षकांची आपल्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही, असं वाटलं आणि त्यांची उमेद खचली. मी हे सांगितल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची माया खोटी नव्हती. ती फक्त मुलाला अपमानापासून वाचवण्यात खर्च होत होती, शिकवण्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

त्या नजरेपासूनच आम्ही सुरुवात केली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली संभाषणं बारकाईने ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात आणि पुढे जातात, असं त्यांना आढळलं. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत, मागे पडलेल्यांसाठी कमी, हेही दिसलं. विचार करायला ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी मिळत होता. हाच थांबा 3 सेकंद किंवा त्याहून जास्त केला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, गप्प राहणं कमी झालं.

3 सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून पाहा, फार लांब वाटतात. बाईंना आधी ते जड गेलं. मग त्यांनी एक पद्धत बसवली: प्रश्न सगळ्यांना विचारायचा, सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, त्यानंतरच कुणाचं तरी नाव घ्यायचं. त्या मुलाला आलं नाही तर दुसऱ्याचं ऐकायचं, पण परत त्याच्याकडे यायचं: "तिने काय केलं ते तुझ्या शब्दांत सांग." बाई आपल्याकडे पुन्हा येणार, हे त्याला कळणं महत्त्वाचं होतं.

दुसरं काम वहीचं. बाई त्याची वही घेऊन आल्या होत्या. अपूर्णांकांच्या बेरजांचं एक अख्खं पान. 1/2 + 1/3 = 2/5. खाली तशीच आणखी उदाहरणं, सगळ्यांत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला. प्रत्येकावर लाल फुली आणि पानाखाली शेरा: 'प्रयत्न चांगला!'

या शेऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण ग्रोथ माइंडसेटच्या नावाखाली सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मुलाने मेहनत केली होतीच. पानभर गणितं सोडवली होती. मेहनत करूनही सगळं चुकलं आणि वर मेहनतीचंच कौतुक झालं, तर त्याने काय समजायचं? 'एवढं करूनही येत नाही, म्हणजे आपल्यात ते नाहीच.' नुसत्या प्रयत्नांची वाहवा करू नका, असं ड्वेक यांनीही नंतर शिक्षकांना आवर्जून सांगितलं. प्रयत्न कोणत्या रीतीने होतोय, ती रीत चालत नसेल तर कोणती बदलून पाहायची आणि त्यातून शिकणं पुढे सरकतंय का, याकडे लक्ष हवं.

मी बाईंना म्हटलं, या चुकीत काही डोकं दिसतं का बघा. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा गुणाकाराचा नियम लावतोय!" खरंच तसं होतं. गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचं असतं. मुलाने शिकलेलाच नियम चुकीच्या जागी, पण न चुकता सगळीकडे वापरला होता. डोकं नसलेल्या मुलाचं काम असं नसतं. त्या क्षणी बाईंचं त्याच्याबद्दलचं मत बदललं आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळे शक्य झालं. मुलाचा स्वतःवरचा विश्वास वाढवायचा तर आधी शिक्षकाला त्याच्याबद्दल खरोखर काहीतरी दिसावं लागतं. ते चुकांच्या वहीत दिसतं. तक्त्यांत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फुली मारण्याऐवजी त्याला कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या दिल्या. एकीचे दोन भाग, एकीचे पाच. "2/5 अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?" आणि त्या थांबल्या. त्याने पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. "लहान." पुन्हा थांबल्या. "म्हणजे अर्ध्यात मिळवलं आणि कमी झालं? असं कसं होईल?" चूक त्याची त्यानेच पकडली होती. समान छेद कशासाठी घ्यायचा, हे समजायला त्यानंतरही बरेच तास लागले. पण आता प्रश्न त्याचा स्वतःचा होता.

गुणांबाबत आम्हाला थोडी कसरत करावी लागली. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी चांगली राहिली. गुण आणि अभिप्राय एकत्र मिळाल्यावर मात्र अभिप्रायाचा फायदा दिसेनासा झाला. मुलं आकडा पाहतात, शेजाऱ्याचा आकडा विचारतात आणि वही मिटतात. शाळेला गुण तर हवेच होते. म्हणून बाईंनी लहान चाचण्यांत आधी फक्त शेरा द्यायला सुरुवात केली. शेरा असा: 'छेद बरोबर काढलास, अंश बदलायचा राहिला, तिसऱ्या ओळीपासून पुन्हा कर.' दुरुस्ती झाल्यावर गुण, आणि दुरुस्तीला त्यात खरी किंमत. चूक सुधारून काहीच मिळणार नसेल तर 'चुकांमधून शिका' हे मुलाने का ऐकावं?

एका पालकांनी तक्रारही केली: दुरुस्तीला गुण म्हणजे लाड. बाईंनी त्यांना पहिला आणि दुसरा, दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. तक्रार तिथेच मिटली.

याच वर्गात पहिली येणारी एक मुलगीही होती. तिच्याबद्दल कुणालाच काळजी नव्हती, मला होती. ती खोडरबराने पान फाटेपर्यंत खोडायची आणि अवघड उदाहरण दिसलं की पोटात दुखतं म्हणायची. तिला लहानपणापासून 'हुशार' हाच शब्द मिळाला होता. क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांचे 1998 चे प्रयोग इथे आठवतात. पहिल्या कोड्यांनंतर ज्या मुलांच्या बुद्धीची तारीफ केली, त्यांनी पुढे आपण हुशार दिसू अशीच कामं जास्त पसंत केली. अवघड कोडी चुकल्यावर त्यांचा उत्साह मावळला, पुढच्या सोप्या कोड्यांतही ती घसरली. स्वतःचे गुण इतरांना सांगताना त्यांतल्या जवळपास 40 टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. बाईंनी या मुलीसाठी 'हुशार आहेस' बंद केलं आणि 'ही रीत का निवडलीस?' सुरू केलं. खोडरबर बाजूला, चुकीवर एकच रेघ, खाली नवी रीत. ती आधी रडली. वेळ लागला तिला, मुलापेक्षा जास्तच.

हे सगळं वाचून कुणाला जादूची अपेक्षा वाटत असेल तर थोडं थांबवते. 2018 मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम अगदी लहान निघाला. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. बुद्धी वाढू शकते हे समजावणाऱ्या, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी (तिथे ती 4 पैकी मोजतात) सुमारे 0.1 ने सुधारली. वाढ छोटी, पण खर्चही नगण्य. त्यांच्याच 2022 च्या अभ्यासातली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: गणिताचे शिक्षक स्वतः ग्रोथ माइंडसेट मानणारे होते, त्या वर्गांत या पाठाचा परिणाम टिकला. जिथे शिक्षक तसं मानत नव्हते तिथे तो दिसला नाही. मुलाच्या मनात पेरलेलं बी वर्गाच्या मातीतच रुजतं.

आणखी एक. रीत बदलून, वेळ देऊन, नीट शिकवूनही मूल अडतच असेल तर 'विश्वास ठेव' म्हणत राहू नका. त्याला फळा दिसतो का, नीट ऐकू येतं का, आधीच्या इयत्तेतलं काही निसटलंय का, घरी काही चाललंय का, हे पाहा. अक्षरं किंवा संख्या ओळखण्यातली अडचण कायम राहत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. मदतीची गरज असलेल्या मुलाला मानसिकतेचं प्रवचन देणं हा अन्याय आहे.

तो मुलगा वर्गात पहिला आला नाही. वार्षिक परीक्षेत त्याला मध्यम गुण मिळाले, पण एकही उदाहरण त्याने कोरं सोडलं नव्हतं. काही ठिकाणी अर्धवट रीत, काही ठिकाणी चूक. एका उत्तरावर बाईंनी फुली मारली होती. तो पेपर घेऊन त्यांच्याकडे गेला आणि आपली रीत वेगळी असली तरी बरोबर आहे, हे त्याने मांडून दाखवलं. त्याचं म्हणणं खरं निघालं आणि बाईंनी गुण वाढवून दिले.

बाईंनी मला शेवटी विचारलं होतं, पुढच्या वर्षी वर्ग भरगच्च आहे, प्रत्येकाची वही अशी कशी वाचू? मी म्हटलं, सगळ्यांची नका वाचू. पहिल्या आठवड्यात फक्त तीच मुलं निवडा ज्यांना तुम्ही प्रश्न विचारायचं सोडून दिलंय. नावं लिहून काढा. त्यांच्या वहीतली एकच चूक घ्या, ती कोणत्या नियमातून आली ते शोधा आणि तेवढ्याच चुकीबद्दल त्यांच्याशी बोला. त्यांनी तिथेच वहीचं मागचं पान उघडलं आणि नावं लिहायला घेतली.