एकमेकांचा वर्ग बघायचा कसा?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सूचना वाचण्यातच वेळ जायलाय, एकमेकांकडून शिकणं राहूनच जातं. काय करावं?

उत्तर : ताई, जपानमधले शिक्षक शंभराहून जास्त वर्षं मिळून पाठ तयार करतात आणि एकमेकांचे वर्ग बघतात, तेच करून बघा. तीन-चार जणांनी एकच अवघड घटक धरायचा, समजा ४०२ वजा १७८, पाठ सोबत बसून ठरवायचा, मग एकानं शिकवायचं अन् बाकीच्यांनी मागं बसून सरांकडं नाही तर लेकरांच्या वह्यांकडं बघायचं. मधल्या शून्यापाशी लेकरू अडतं, दशकाकडं मागायला जातं तर तिथं काहीच नाही, मग सरळ ८ मधूनच २ अन् ७ मधूनच ० काढून मोकळं होतं अन् उत्तर येतं ३७६! फळ्याकडं तोंड असलेल्याला हे दिसतच नाही. नंतर बोलायचं ते पाठावर, माणसावर नाही, हे आधीच ठरवा नाहीतर माणसं दुखावतात अन् परत कुणी वर्गात येऊ देत नाही. सुधारलेला पाठ मग दुसऱ्यानं स्वतःच्या वर्गात घ्यायचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, माझ्या मते त्यातला मोठा वाटा असा वर्गातच जायला पाहिजे. केंद्रप्रमुखांशी बोलून पुढच्या परिषदेतला पहिला तास मागून घ्या.