वाचकांचे प्रश्न : पेन्यीस्कोलाला जायचं तर

(स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोना यांच्या दरम्यान, समुद्रात घुसलेल्या खडकावर पेन्यीस्कोला नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. माथ्यावर किल्ला, पायथ्याशी मासेमारीचं बंदर. तिथल्या प्रवासाबद्दल कोकणातून आलेल्या चार पत्रांना ही उत्तरं.)

आमच्या दारातच सिंधुदुर्ग आहे. मग एवढ्या लांब जाऊन वेगळं काय बघायचं?
— एक वाचक, मालवण

सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला इतरांपेक्षा जास्त कळेल. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात, तोफांचा मारा गृहीत धरून एकाच बेताने उभा राहिला. पेन्यीस्कोलात मात्र दोन काळ एकावर एक चढलेत. माथ्यावरचा किल्ला टेंप्लर या लढवय्या ख्रिस्ती पंथाने १२९४ ते १३०७ मध्ये बांधला. ते तोफांच्या आधीचं बांधकाम, म्हणून भिंती उंच आणि सरळसोट. आतल्या दालनांवर दगडी कमानीचं छत आहे. खालचा तट १५७६ ते १५७८ मध्ये राजा दुसरा फिलिप याच्यासाठी अंतोनेल्ली या इटालियन अभियंत्याने रचला, तो तोफांसाठी. तो बुटका आणि जाड आहे. सिंधुदुर्गाचा नागमोडी तट जे काम करतो, तेच इथे कोनदार बुरूज करतात : भिंतीला भिडलेला शत्रू बाजूने टिपता येतो.

दुसरा फरक पाण्याचा. आपल्याकडे भरती-ओहोटी बघूनच होडी सुटते. भूमध्य समुद्रात भरती जेमतेम वीतभर, त्यामुळे वेळापत्रक बघायची गरजच नाही. खडक जमिनीला वाळूच्या दांड्याने जोडलेला आहे. पूर्वी वादळात लाटा त्या दांड्यावरून जात आणि गाव बेट होऊन बसे. गोडं पाणी मात्र दोन्हीकडे आहे. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तर इथे खडकाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे झरे. वेढ्यात टिकाव धरायचा तर तटाइतकंच हे पाणी महत्त्वाचं.

चढताना पोर्ताल फोस्क, म्हणजे अंधाऱ्या दरवाजाने वर जा. किल्ल्याच्या दारावर थांबून मान वर करा. तिथल्या कोरीव पट्टीवर ढाली आहेत आणि त्यांपैकी काहींवर काटेरी झुडपाची बोंडं. पंथाचा या भागातला प्रमुख बेरेंगेर दे कार्दोना याची ही खूण. काटेरी झुडपाला स्पॅनिशमध्ये ‘कार्दो’ म्हणतात, त्यावरून नावाचंच चिन्ह केलेलं. बहुतेक लोक तिकीट हातात घेऊन खाली बघत आत शिरतात आणि ही पट्टी राहून जाते.

आत पोपचं दालन आहे. एकाच वेळी अनेक जण पोपपदावर हक्क सांगत होते, त्या काळात तेरावा बेनेडिक्ट, ज्याला तिथे पापा लूना म्हणतात, १४११ मध्ये इथे राहायला आला. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्याला पदावरून काढलं. त्याने ते मानलं नाही आणि १४२३ मध्ये मरेपर्यंत इथूनच पोप म्हणून कारभार केला. हट्टी माणसाला स्पॅनिशमध्ये ‘आपल्या तेराला चिकटून आहे’ म्हणतात, ते याच्यावरूनच आलं असं सांगितलं जातं.

उतरताना वाटेत बुफादोर बघा. खडकातल्या भोकातून समुद्राचं पाणी फुसांडत वर येतं, पण पूर्वेचा वारा असला तरच. शांत दिवशी तिथे नुसतं भोक दिसतं, तेव्हा त्यासाठी वेगळा वेळ राखू नका. पुढे सान पेरे दरवाजाने दुपारी साडेचारच्या सुमारास बंदरावर पोचा, कारण ट्रॉलर तेव्हाच परततात. मासळीचा लिलाव मालवणच्या माणसाला समजावून सांगायला नको. शनिवार-रविवारी मात्र ट्रॉलर समुद्रात जात नाहीत.

मी आंबा बागायतदार. पगाराची स्लिप नाही, शेतीचं उत्पन्न करमुक्त. व्हिसा मिळेल का? कधी जावं?
— एक वाचक, देवगड

मिळतो, पण कागद तुम्हालाच बोलके करावे लागतात. बागायतदाराचा अर्ज अडतो तो उत्पन्न कमी म्हणून नव्हे, तर ते कागदावर दिसत नाही म्हणून. आयकर विवरणात शेतीचं उत्पन्न ‘करमुक्त’ म्हणून नोंदलेलं असलं पाहिजे; ते सोडून दिलं असेल तर विवरणात तुम्ही गरीब दिसता. सोबत सातबारा जोडा, इंग्रजी भाषांतरासह. वाशीच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावा आणि पट्टीतली रक्कम खात्यात कुठल्या दिवशी आली ते पासबुकाच्या उताऱ्यावर खूण करून दाखवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून घेऊन भरलेली मोठी रक्कम मदत करत नाही, उलट संशय वाढवते.

‘कधी’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मे-जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज केलात, तर बँकेचा उतारा नेमका हंगामाआधीचा, म्हणजे फवारणी आणि मजुरीच्या खर्चाने रिकामा झालेला जाईल. त्यापेक्षा जुलैत विवरण भरून लगेच अर्ज करा आणि गणपती उरकून, सप्टेंबरअखेर निघा. तेव्हा समुद्र कोमट असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. तिथला पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नाही, शरद ऋतूत येतो आणि कधी कधी एका दिवसात झोडपून काढतो. म्हणून एक दिवस हाताशी जास्त ठेवा.

अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसही लागू शकतात. मोठ्या माणसाला ९० युरो फी, सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीनंतर तीन महिने वैध हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. कोकणकन्येने पहाटे मुंबईत उतरलात तर त्याच दिवशी काम उरकतं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं तिकीट घेऊ नका.

आई सत्तरीची, गुडघे दुखतात, आणि पूर्ण शाकाहारी. जमेल का?
— एक वाचिका, रत्नागिरी

किल्ला समुद्रापासून ६४ मीटर उंच आहे आणि जुन्या गावातली वाट चढाची, पायऱ्यांची. गोट्यांचा रस्ता पायांनी घासून गुळगुळीत झालाय, पाऊस पडला की घसरतो. आईंना रबरी तळव्याचे बूट आणि काठी द्या. सकाळी लवकर, टप्प्याटप्प्याने चढवा. मुक्कामाची खोली तटाच्या बाहेर, किनाऱ्यालगतच्या सपाट भागात घ्या. जुन्या गावात चाकांची बॅग ओढत नेणं धडधाकट माणसालाही जड जातं.

जेवणात खरी अडचण वेगळीच आहे. ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीत हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे येतात, कारण तिथे ती चव म्हणून घातली जाते. या किनाऱ्यावरचा भात बहुतेक वेळा माशांच्या पाण्यात शिजतो. वर भाज्याच दिसल्या तरी विचारा. कागदावर लिहून ठेवा : ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पेस्कादो’. म्हणजे मांस, हामोन, मासे आणि माशांचं पाणी यांशिवाय. अंडं चालत नसेल तर ‘सिन ह्वेव्हो’ही जोडा, कारण बटाट्याच्या तोर्तियात अंडंच असतं. निर्धास्त मागवण्यासारखं म्हणजे पावावर टोमॅटो चोळलेलं पान कोन तोमाते, आणि भाजलेल्या वांग्याचं आणि ढोबळी मिरचीचं एस्कालिबादा. ते भरीत आवडणाऱ्याला आवडतंच, फक्त वर अँचोव्ही मासा ठेवू नका म्हणून सांगा.

स्वयंपाकघरं दुपारी साधारण दीड ते साडेतीन आणि रात्री साडेआठनंतर चालतात. साडेसातला जेवणाऱ्या आईंसाठी संध्याकाळी फळं, दही, पाव आधीच आणून ठेवा. किराणा दुकानं रविवारी बंद असू शकतात.

बार्सिलोनाहून एका दिवसात जाऊन येता येईल?
— एक वाचक, गुहागर

येईल, पण करू नका. रेल्वे स्टेशनचं नाव बेनिकार्लो-पेन्यीस्कोला असलं तरी ते बेनिकार्लोत आहे, किल्ल्यापासून सातेक किलोमीटर. तिथून बस किंवा टॅक्सी. जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा भाग जातो आणि तुम्ही भर दुपारी, सहलीच्या गर्दीबरोबरच चढता. एक रात्र राहा. संध्याकाळी बसगाड्या परतल्या की उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, वाळूवरून अर्धा किलोमीटर मागे चालत जा. तिथूनच खडक, तट आणि माथ्यावरचा किल्ला एका नजरेत येतो. ८ आणि ९ सप्टेंबरला गावच्या मेरीमातेचा उत्सव असतो, त्या दिवसांत किल्ला उघडा आहे का ते आधी विचारून घ्या.