जळगावच्या कॉलेजात भूगोलाचा ४ क्रेडिटचा नवा पेपर लिहायचाय. अभ्यासक्रमात काय काय असावं?

आधी तासिका मोजा. थिअरीच्या १ क्रेडिटला १५ तास, म्हणजे हातात ६० तास. प्रात्यक्षिकाला १ क्रेडिटमागे ३० लागतात. बहुतेक अभ्यासक्रम इथेच फसतात, कारण युनिट ठासून भरलेले असतात आणि शेवटचं युनिट परीक्षेआधीच्या आठवड्यात उरकलं जातं. म्हणून प्रत्येक युनिटसमोर तास लिहाच.

मग निष्पत्ती, म्हणजे पेपर शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल ते. ‘विद्यार्थ्याला तापी खोऱ्याची माहिती होईल’ हे वाक्य बिनकामाचं, ते तपासणार कसं? ‘टोपोशीटवरून (स्थलदर्शक नकाशावरून) तापीच्या उपनद्यांचा नकाशा काढेल’ असं लिहा, प्रश्नपत्रिकाही त्यातूनच निघेल.

उदाहरणं इथलीच घ्या: रावेर-यावलची केळी आणि खोल जाणारं भूजल, सातपुड्यातलं तोरणमाळ. एक क्षेत्रभेट सक्तीची ठेवा. सर्वेक्षणाची प्रश्नावली अहिराणीत चालेल असंही नमूद करा, गावात माणसं मोकळी बोलतात.

अंतर्गत-बाह्य गुणांची विभागणी विद्यापीठाच्या साच्याप्रमाणे. संदर्भग्रंथ मोजके, पण कॉलेजच्या लायब्ररीत खरोखर असलेले. पंचवीस नावांची यादी फक्त समितीच वाचते!